बनुबाईच्या घरातून निघताना

बनुबाई रोज मरत होती, आणि अर्फा शिकलगार त्यामुळे भलतीच खुशीत होती.

सुरुवातीला बनुबाई धड मरतही नव्हती. नुसती पडवीत बसून राहायची आणि कुणी काहीही विचारलं तरी "बरं हाय" म्हणायची. मग हळूहळू तिला घाम फुटायला लागला, नाडी अडखळायला लागली, चेहरा उतरायला लागला. आणि ज्या दिवशी वेळेवर गाडी बोलावली नाही म्हणून बनुबाईनं पहिल्यांदा मान टाकली, त्या दिवशी अर्फा आणि वीरधवल यांनी सांगलीत भेळ खाऊन तो प्रसंग साजरा केला. "कसली खुशी एवढी?" असं शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी कौतुकानं विचारलं. "आज्जी गेली आमची!" वीरधवल भडंगाचा बकाणा भरत म्हणाला. गृहस्थ टेबल बदलून बसले.

बनुबाई ही एका गेममधली म्हातारी होती. गेमचं नाव 'घरभेट'. नर्सिंगच्या मुलींनी कानाला हेडफोन लावायचा, पडद्यावरच्या घरात शिरायचं आणि बनुबाईशी बोलायचं. बटणं दाबून नाही, तोंडानं, आपल्या रोजच्या भाषेत. बनुबाई म्हणणार, पित्त झालंय. मुलीनं ओळखायचं, की हे पित्त नाही, हा हार्ट अटॅक आहे. ओळखलं तर बनुबाई जगणार. नाही ओळखलं तर मरणार, आणि का मेली ते पडद्यावर येणार, आणि मुलीनं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. खऱ्या पेशंटच्या बाबतीत ही सोय अजून निघालेली नाही.

वीरधवल पाटणचा. चित्रं सगळी त्याची. अर्फा कुंडलची. बनुबाईच्या डोक्यात आणि छातीत जे काही चालतं, ते सगळं तिचं. पुण्याच्या कंपनीत ती रमीच्या गेममधले पत्ते पिसत होती. ते सोडून ती सांगलीत आली, तेव्हापासून तिचे अब्बा रमजानभाई यांना कुंडलच्या स्टँडवर एकच संभाषण वारंवार करावं लागे.

"पोरगी काय करती सध्या?"

"गेम."

"खेळती?"

"खेळत नाही. करती."

"म्हंजे दुसरं खेळत्यात आन् ही बघती?"

रमजानभाईंनी पुढे पुढे "नर्सिंगमदी हाय" असं सांगायला सुरुवात केली. ते फारसं खोटं नव्हतं.

या गेमसाठी यंत्राला माणसांचे शब्द शिकवावे लागतात, आणि अर्फानं ते काम इतक्या मन लावून केलं होतं, की तिला झोपेतही शब्द दिसायचे. दुखतंय, ठणकतंय, कळ मारतीया, मळमळतंय, जीव कसनुसा होतोय, गरगरतंय. आपल्याकडच्या मुलीही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, हे पुण्याच्या माणसांना तिनं दोन वर्षं सांगून पटलं नव्हतं. यंत्राला लगेच पटलं. 'येऊ का', 'येते', 'येतो' यांतलं काहीही ऐकू आलं, की बनुबाई म्हणणार, "ये की गं, बस." 'जातो' म्हटलं, की भेट संपली, मार्क पडद्यावर. येतो म्हणजे आत, जातो म्हणजे बाहेर. यात चूक काढायला जागाच नव्हती.

बनुबाईचा आवाज मात्र खरा होता. तो आटपाडीकडच्या सुलाबाईंचा. सुलाबाईंचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं, आता डाळिंबाची बाग आणि उरलेली मेंढरं असा संसार होता. वीरधवलनं त्यांना कौतुकानं बनुबाईचं घर दाखवलं. उतरतं कौलारू छप्पर, भिंतीवर शेवाळ, मागं हिरवागार डोंगर.

"हे घर कुणाचं म्हणायचं?" सुलाबाईंनी विचारलं.

"बनुबाईचं. म्हणजे तुमचंच."

"आन् एवढा पाऊस आमच्यात कवा पडला?"

वीरधवलनं पाटण पुसून धाब्याचं घर काढलं, अंगणात दोन मेंढरं बांधली. मेंढरं घालणं भागच होतं, कारण रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक वाक्यामागं एक मेंढरू ओरडत होतं, आणि ते काही केल्या निघेना.

रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी सामान आवरून अर्फा उठली आणि "बरं आज्जी, येतो" म्हणाली, तेव्हा सुलाबाईंनी दारात तिचं मनगट धरलं. आवाज खाली आणून त्या जे बोलल्या, ते अर्फाला खरंच वाटलं. "वीर, गाडी काढ, आज्जींना दवाखान्यात न्यायचंय!" असं ती ओरडलीसुद्धा. सुलाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"आगं, खेळातलंच सांगतीया की! तूच म्हनलीस न्हवं, आजारी हो म्हनून?"

माइक चालू राहिला होता. ते बोलणं यादीतल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नव्हतं, म्हणून अर्फानं ते खोकले, उसासे आणि मेंढरं यांच्याबरोबर 'उरलंसुरलं' नावाच्या कप्प्यात टाकलं. बनुबाईकडं ठरलेलं बोलायला काही शिल्लक राहिलं नाही, तर ती मुकी वाटू नये म्हणून यंत्रानं त्या कप्प्यातलं काहीतरी वाजवावं, अशी सोय करून ठेवली. आणि विसरून गेली.

आता राहिले आप्पासो.

आप्पासोंनी नर्सिंग कॉलेज काढलं होतं. कॉलेजचं पूर्ण नाव इतकं मोठं होतं, की कमानीवर मावेना, म्हणून शेवटची अक्षरं खांबावरून खाली उतरवली होती. लोक 'आप्पासोंचं कॉलेज' एवढंच म्हणत. लवकरच तपासणीची समिती यायची होती, आणि मुलींना सराव करायला प्रयोगशाळेत काय काय आहे, ते त्यांना दाखवायचं होतं.

प्रयोगशाळेत एक परदेशी पेशंट होता. रबरी बाहुला, माणसाएवढा. छाती वरखाली व्हायची, नाडी लागायची, बरगडीजवळचं बटण दाबलं की इंग्रजीत कण्हायचा. आप्पासोंनी तो हौसेनं मागवला होता. वापरला तर खराब होईल, म्हणून त्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. खंडेनवमीला मात्र सगळ्या उपकरणांबरोबर त्याचीही पूजा झाली होती, आणि तेवढ्यापुरतं तोंडावरचं प्लास्टिक बाजूला केल्यामुळं त्याच्या कपाळावर कुंकवाचा डाग कायमचा बसला होता. मुली त्याला 'पाव्हणं' म्हणत. पाव्हण्यांना हात कोण लावणार?

आप्पासोंच्या मनात पाव्हण्याला जोडीदारीण आणायची होती. तेवढ्यात प्राचार्या शिवांजली मॅडमनी अर्फाच्या गेमचं नाव काढलं.

"गेम घेतला तर ठेवायचा कुठं?" आप्पासोंनी पहिल्याच भेटीत अर्फाला विचारलं.

"कॉम्प्युटरमध्ये असतो तो, आप्पासो."

"ते झालं. पन समिती आली म्हंजे कपाट उघडून दावायचं काय? बाहुली कशी, दिसती."

"एकदा मुलींना खेळताना बघा. मग ठरवा."

"बघतो की. पन एकदाच. दुसरी बाहुली सांगायची झाली, तर ह्याच आठवड्यात सांगाय पायजे."

म्हणजे गोष्ट साधी होती. आप्पासो 'हो' म्हणाले, तर घरभेट वर्गात जाणार, मुली खेळणार, चुकणार, शिकणार. 'नाही' म्हणाले, तर बनुबाई एका लॅपटॉपच्या कोपऱ्यात कायमची 'बरं हाय' म्हणत बसणार आणि अर्फा पुन्हा पुण्यात पत्ते पिसणार. कंपनीचा निरोप येऊन पडलेलाच होता.

खेळ दाखवायच्या दिवशी सकाळी कुंडलहून निघताना ती उंबऱ्यावर अडखळली. "अम्मी, मैं आती," ती ओरडली. "हां, जाके आ," आतून आवाज आला. रोजच्यासारखंच. त्यात काही विशेष आहे, असं तिला तेव्हा वाटलं नाही.

कॉलेजचा हॉल गच्च भरला होता. मुली खिडक्यांच्या कट्ट्यांवरही बसल्या होत्या. समोर सोफ्यावर आप्पासो, शेजारच्या खुर्चीत शिवांजली मॅडम, आणि त्यांच्या पलीकडं नवं लुगडं नेसून सुलाबाई, स्वतःला बघायला आलेल्या. एका बाजूला पलंगावर पाव्हणे, प्लास्टिकसकट. आप्पासोंनीच मुद्दाम आणवले होते, तुलना करायला.

खेळायला दुसऱ्या वर्षाची राणी उठली. हेडफोन लावला, पडद्यावर बनुबाईचं घर आलं, आणि राणीनं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. हॉल हसला. अर्फाला मात्र उडी मारावीशी वाटली. पोरगी खरंच घरात शिरत होती!

"आज्जी, येऊ का?"

"ये की गं, बस," पडदा म्हणाला. मेंढरू ओरडलं.

"म्याच बोलतीया!" सुलाबाई मॅडमच्या मांडीवर थाप मारून म्हणाल्या.

"काय हुतंय आज्जी?"

"काय न्हाई. पित्त झालंय. रातच्याला वांगं खाल्लं."

"चक्कर बिक्कर?"

"न्हाई. बरं हाय."

राणीनं बीपी बघितलं, जेवणाचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं. घामाचं विचारलं नाही, हाताचं विचारलं नाही. अर्फानं वीरधवलला कोपर मारलं. सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. आता राणी निघणार, बनुबाई मरणार, का मेली ते पडद्यावर येणार, हॉल हळहळणार, आणि आप्पासोंच्या डोक्यात उजेड पडणार. म्हातारीच्या मरणाकडं इतक्या आशेनं आजवर कोणी पाहिलं नसेल.

"बरं आज्जी, आराम करा. उद्या दवाखान्यात या," राणी म्हणाली. "येतो."

"ये की गं, बस."

राणी गोंधळली. "न्हाई, येतो आता."

"ये की गं. च्या घे."

"च्या नको. येतो आज्जी."

"ये की गं. किती दिसांनी आलीस."

हॉलमध्ये हशा पिकला. खिडकीतल्या मुली एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. अर्फाचं हसू मात्र जागच्या जागी वाळलं. अम्मी, मैं आती. जाके आ. या मुलखात घरातून निघताना 'जातो' म्हणतं कोण? महिनोन्‌महिने ती त्या घरात रोज शिरली होती, आणि बनुबाईचा निरोप तिनं एकदाही घेतला नव्हता. काम झालं, की कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबायचं आणि जेवायला उठायचं.

"ही म्हातारी सोडंना झाली की!" आप्पासो म्हणाले. "बाहेर कुठनं पडायचं?"

"'जातो' म्हण!" वीरधवल स्टेजच्या खालून दबक्या आवाजात ओरडला.

राणीनं एका कानावरचा हेडफोन उचलला. "काय म्हणू?"

"'जातो' म्हण. की संपतं."

"आजारी मानसाच्या दारात? म्या न्हाई म्हणणार."

"अगं, खेळातली आहे ती!"

"खेळातली असली म्हणून काय झालं? तुमी म्हणा तुमच्या आज्जीला."

"न्हाईच म्हणायचं!" मागून मुलींचा गलका झाला. शिवांजली मॅडम उठून उभ्या राहिल्या, आणि आता त्या मुलींना गप्प करतील असं अर्फाला वाटलं. "असं खरंच म्हणू नये हो," मॅडम म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"माज्या तोंडावर जातो म्हनतंय कोन, बघू तरी," सुलाबाई म्हणाल्या.

वीरधवल तिरीमिरीत स्टेजवर चढला. राणीच्या हेडफोनचा माइक आपल्या तोंडाकडं वळवला, तोंड उघडलं. समोर पडद्यावर बनुबाई बघत होती, खाली खुर्चीतून सुलाबाई बघत होत्या. वीरधवलची पाटणची आज्जी अजून हयात होती. तोंड मिटून तो खाली उतरला.

अर्फानं बोट एस्केपवर ठेवलं. दाबलं, की घर जाणार, बनुबाई जाणार, आणि बहुतेक घरभेटही जाणार.

"आज्जी, खरंच येतो वो आता," राणी काकुळतीनं म्हणाली.

बनुबाईकडची आग्रहाची वाक्यं संपली होती. एक मेंढरू ओरडलं. मग खोल, अगदी कानाशी आल्यासारखा आवाज आला.

"पोरी, जरा थांब. एक सांगायचं ऱ्हायलंच."

अर्फाचं बोट तसंच राहिलं. हे तर 'उरलंसुरलं'मधलं!

"सकाळधरनं ह्या डाव्या हातातनं कळ जातीया बघ. आन् घाम नुसता. बसल्या बसल्या. कुनाला सांगू नगंस हं. पोरगं उगंच मेंढरं टाकून पळत येतंय."

राणीनं हेडफोन दोन्ही कानांवर गच्च दाबला.

"आज्जी, उठू नका. टेकून बसा. कवापास्नं घाम येतोय?"

'घाम' हा शब्द यंत्राला येत होता. 'हात' येत होता. बनुबाई आता सरळ उत्तरं द्यायला लागली, आणि राणी अशी सुटली, की विचारायची सोय नाही. छातीत दाबल्यासारखं होतंय का? पाठीत जातंय का? नाडी बघितली. एकशे आठला फोन लावला, पत्ता सांगितला, वर "धाब्याचं घर, दारात दोन मेंढरं" अशी खूण सांगितली. बनुबाई चालत गाडीपर्यंत जाते म्हणाली, तर तिला दटावून खाली बसवलं. मुलाला निरोप धाडला. मागच्या मुली आता नुसत्या बघत नव्हत्या. "नाडी परत बघ!" "कासोटा सैल कर!" असा ओरडा चालला होता. पडद्यावर गाडीचा भोंगा वाजला, स्ट्रेचर आलं. हिरव्या अक्षरांत उमटलं: 'बनुबाई वाचली.'

हॉलचं छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. शिट्ट्या, टाळ्या, बाकांवर थापा. सुलाबाई उठून चारी बाजूंना हात जोडत होत्या, जणू खरंच वाचल्या होत्या. वीरधवल अर्फाला गदागदा हलवत होता.

"उंबऱ्यावर!" अर्फा त्याच्या कानात ओरडली. "वीर, माणसं खरं उंबऱ्यावरच सांगतात रे! आपण सगळे प्रश्न आत बसवले होते!"

आप्पासो सावकाश उठले. "चांगलं हाय," ते म्हणाले. "पोरगी हुशार हाय. म्हातारीबी हुशार हाय. पन कपाटात काय दावायचं, ह्येचा इचार कराय पायजे. कळवतो. मला मीटिंग हाय. बरं मॅडम, येतो मी."

अर्फानं लॅपटॉपची वायर काढायला घेतली. 'कळवतो' या शब्दाचा अर्थ समजायला यंत्र लागत नाही.

आप्पासो दारापर्यंत गेले. एक पाय बाहेर टाकला. थांबले. मागं वळून, आवाज खाली आणून मॅडमना म्हणाले, "ते एक विचारायचं ऱ्हायलंच. जिना चढून आलं का मला बी हितं जरा दाबल्यासारकं हुतंय. पित्तच असंल म्हना."

मॅडमनी काही बोलायच्या आत राणी स्टेजवरून खाली होती.

"आप्पासो, या. बसा."

"आगं, मीटिंग हाय."

"कवापास्नं हुतंय?"

"काय न्हाई गं. बरं हाय."

'बरं हाय' ऐकल्याबरोबर सगळा हॉल उठला. कुणी हात धरला, कुणी खांदा. झोपवायचं कुठं? पलंग एकच, आणि त्यावर पाव्हणे. चार मुलींनी पाव्हण्यांना प्लास्टिकसकट उचललं आणि कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभं केलं. आप्पासो आडवे झाले. राणीनं बीपीचा पट्टा बांधला, काटा बघितला, पुन्हा बघितला, आणि आकडा मोठ्यानं न सांगता मॅडमना दाखवला. मॅडमनी फोन उचलला. दुसरी नाडी धरून बसली, तिसरी टोपीनं वारा घालायला लागली, सुलाबाई पायथ्याशी उभ्या राहून, "घाम आलाय का इचार, हात इचार," असं सांगायला लागल्या. आता त्यांना सगळे प्रश्न पाठ झाले होते.

तालुक्याचे डॉक्टर आले. त्यांनी तिथंच ईसीजीची पट्टी काढून बघितली. अटॅक नाही, पण येण्याच्या तयारीत होता, असं ते म्हणाले. आता लगेच सांगलीला न्यायचं, चालवायचं नाही, बोलू द्यायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी जमण्यासारख्या होत्या.

"शिकलगारबाई," आप्पासो पडल्या पडल्या म्हणाले.

अर्फा पुढं झाली.

"ती तुमची म्हातारी. घिऊन टाका कॉलेजात. उद्यापास्नं समद्या पोरींनी खेळायचं."

"आणि कपाट?" अर्फाच्या तोंडून निघून गेलं.

"कपाटाचं मी बघतो. पन त्या येतो-जातोचं तेवढं दुरुस्त करा. मानूस आडकून पडतंय."

"ते नाही दुरुस्त करणार, आप्पासो," अर्फा म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "तेच तर गेममधलं सगळ्यात चांगलं आहे. आता प्रत्येक घरात घालणार."

आप्पासो कुणाचं लक्ष नाही असं बघून हळूच कोपरावर उठले.

"आता बरं वाटतंय. गाडी यीस्तवर मीटिंगला तोंड दावून येतो."

"या की," सगळ्या मुली एका आवाजात म्हणाल्या आणि त्यांना पुन्हा आडवं केलं. "बसा. च्या घ्या."

या गडबडीत कुणाचं तरी कोपर पाव्हण्यांच्या बरगडीला लागलं, आणि ते कोपऱ्यात उभ्या उभ्या इंग्रजीत कण्हायला लागले. पण त्यांच्याकडं बघायला कुणाला वेळ नव्हता.